परक्या बाळांची अंघोळ

माझे बाबा लोकांच्या बाळांना न्हाऊ घालतात. ऑफिसात हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरच्याचा चेहरा आधी गोड होतो, मग त्यात कुठेतरी शंका येते, आणि मग मला खुलासा करत बसावं लागतं. खुलाशांचा मला कंटाळा आलाय. बावन्न वर्षांची बाई, बेलापूरला नोकरी, घरी पंचाहत्तरीचे वडील, लग्न केलेलं नाही. ते का नाही केलं याचेच खुलासे देण्यात अर्धा जन्म गेला. उरलेला बाबांच्या वतीने खुलासे देण्यात घालवायची माझी काही तयारी नव्हती. पण गेल्या वर्षी तेच नशिबी आलं.

बाबा तळोज्याला एका केमिकल कंपनीत फिटर होते. आम्ही तेव्हा कळंबोलीत बैठ्या घरात राहायचो आणि आई आसपासच्या बाळंतिणींच्या बाळांना अंघोळ घालायला जायची. तो तिचा धंदा नव्हता. तिला ते यायचं, म्हणून लोक बोलवायचे आणि ती जायची. रात्रपाळीवरून आलेले बाबा तिच्या मागोमाग जाऊन पाण्याच्या बादल्या उचलून द्यायचे आणि मोरीच्या दाराशी बसून बघत राहायचे. घरी जाऊन झोपा म्हटलं तर झोपायचे नाहीत. आई गेली आणि आम्ही करंजाड्याला फ्लॅट घेऊन राहायला आलो. ती गेल्याचं ठाऊक नसलेली एक जुनी शेजारीण पत्ता शोधत तिला बोलवायला आली, सुनेचं बाळंतपण झालं होतं म्हणून. बातमी ऐकून बिचारी सोफ्यावर नुसती बसून राहिली. बाबांनी तिला चहा दिला आणि तिचा चहा संपल्यावर म्हणाले, चला, मी येतो. त्या बाईला वाटलं, हे रिक्षापर्यंत सोडायला येताहेत.

तिथून हे सुरू झालं. भिंतीला पाठ लावून बाबा बाथरूमच्या फरशीवर बसतात, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, पाय लांब करून जुळवलेले, आणि त्या दोन पायांच्या मधल्या खळग्यात बाळ. आधी पालथं, मग उताणं. कोमट तेल, मग पाणी, मग मऊ धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळणं. डॉक्टर नको म्हणतात म्हणून धुरी त्यांनी बंद केली, नाकात तेल सोडणंही बंद केलं. आई असती तर तिने डॉक्टरशी भांडण काढलं असतं. बाबा भांडत नाहीत, ऐकून घेतात आणि स्वतःला हवं तेच करतात, जे भांडण्यापेक्षा फार त्रासदायक आहे.

लोकांना पुरुषाच्या पायावर बाळ बघवत नाही. बायकाच जास्त नाकं मुरडतात. एका घरात सासूबाई स्पष्टच म्हणाल्या होत्या की अहो, हे बायकांचं काम, तुम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसा. त्याच सासूबाईंची कंबर धरली आणि आठवड्याभरात त्यांनी फोन केला. बाबा गेले. मी म्हटलं, मान-अपमान काही आहे की नाही तुम्हाला? ते म्हणाले, पाणी निवेल, मग बोलू.

बाळाचं बाबा करायचे, पण बाळंतिणीच्या अंगाला तेल कोण लावणार? ते मावशींचं काम. मावशी मूळच्या जासईच्या, सासर इथलंच, करंजाड्याच्या गावठाणातलं. शेतं गेली, मुलांनी बिल्डिंगी बांधल्या, बंगला झाला, दाराशी दोन गाड्या आल्या, आणि मावशी लुगडं खोचून लोकांच्या सुनांची पाठ चोळत फिरत राहिल्या, पूर्वीसारख्याच. एका घरी दोघं एकाच सकाळी पोचले आणि तेव्हापासून जोडी जमली. पंचाहत्तरीच्या विधुराच्या स्कूटरवर मागे सत्तरी ओलांडलेली विधवा, तिच्या मांडीवर तेलाच्या बाटल्यांची पिशवी. आमच्या सोसायटीत त्यावर काय काय विनोद झाले ते मला लिफ्टमध्ये कळायचे, कारण मी आत शिरले की सगळे एकदम गप्प व्हायचे.

ती मुलगी आम्हाला औषधाच्या दुकानात मिळाली. म्हणजे ती नाही, तिचा नवरा. बाबा बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते आणि शेजारी एक पोरगा दुकानदाराला विचारत होता की डब्यातलं दूध किती पाण्यात किती घालायचं. जासईकडे कंटेनर यार्डात कामाला, बारा तासांची ड्युटी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट तसंच. बाबांनी नको तिथे नाक खुपसलं. बाळ केवढं, आई कुठे, घरी कोण आहे, असं विचारत गेले आणि पोरगा भर दुकानात रडायला लागला.

जात वेगळी म्हणून दोन्ही घरांनी त्यांचं नाव टाकलं होतं. ती बीडकडची, तो रत्नागिरीचा. बाळंतपणाला ना आई आली, ना सासू. बाळ जेमतेम दोन आठवड्यांचं, आणि ती त्याला हात लावत नव्हती. अजिबात नाही. नवरा घरी असेल तेव्हा तो दूध पाजणार, दुपटी बदलणार. तो ड्युटीवर गेला की वरच्या मजल्यावरची एक बाई येऊन-जाऊन बघणार. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ रडलं की कान दाबून घ्यायची.

बाबा मावशींना घेऊन त्या घरी गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईचं मत होतं की हे बाहेरचं आहे, कुणालातरी दाखवून उतरवून घ्यायला हवं. मावशींनी तिला हाताने गप्प केलं. त्या मुलीजवळ पलंगावर बसल्या, तिच्या पायाच्या पोटऱ्या चेपायला लागल्या आणि बऱ्याच वेळाने बोलल्या. हे मी ऐकलेलं नाही, बाबांनी सांगितलं, पण त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

“पोरी, मना पन असाच झालता, थोरल्याचे येलेला. बालाकडं बघवत नव्हता. सासू बोलली, अवदसा हाय. अवदसा नाय गं. दुखना हाय ता. डाक्तरकडं जाव आपन.”

दुसऱ्याच दिवशी तिला रिक्षात घालून दोघांनी दवाखान्यात नेलं. मनाच्या डॉक्टर होत्या त्या, बाई होत्या. त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही जणींना होतो हा आजार, बरा होतो, वेळेवर आणलंत. गोळ्या दिल्या. तिला घरात एकटी ठेवू नका म्हणाल्या, आणि बाळ तिच्या अंगावर ढकलू नका. ती घेईल तेव्हा घेईल.

पण तेवढा वेळ होता कुठे? रत्नागिरीहून नवऱ्याच्या चुलतीचा फोन आला. पोर आणून दे, आम्ही सांभाळतो. पोरच फक्त. ती नको. वंशाचा दिवा ना तो, त्याला जात चालते. पोरग्याने चुलतीला नाही म्हटलं नाही. मी चिडले तर बाबा माझ्यावरच चिडले. म्हणाले, त्याचे डोळे बघितलेस का, तो उभ्या उभ्या झोपतो. महिनाअखेरीला रजा घेऊन बाळाला गावी पोचवायचं त्याने ठरवून टाकलं होतं, म्हणजे तोवर ती पोराला हात लावायला लागली नाही तर. एकदा नेलेलं पोर ती माणसं परत देणार नाहीत, हे त्यालाही कळत होतं. त्या मुलीलाही सांगितलं होतं. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही, तिचं तोंड भिंतीकडेच होतं.

तर सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी मावशींच्या मुलांना लाज आठवली. धाकटा निवडणुकीला उभा राहणार होता, चौकात त्याचे हात जोडलेले बॅनर लागले होते. आणि त्याची आई एका परक्या म्हाताऱ्याच्या स्कूटरवरून भाडोत्र्यांच्या घरी तेल चोळायला जाते, हे लोक त्याला तोंडावर ऐकवायला लागले. मावशींचं बाहेर पडणं बंद झालं. बाबा एकटेच जायला लागले. लगेच त्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा मला फोन. म्हणाला, मॅडम, तुमचे फादर चांगले आहेत हो, पण घरात बाई एकटी असते, उद्या काही झालं तर सोसायटीला टेन्शन.

मी रात्री बाबांना म्हटलं, बास आता. झाली तेवढी समाजसेवा. तुमचे गुडघे गेलेत, येता ते गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवे होता, माझ्याने तुमचं होत नाही. ते म्हणाले, बरं. आणि सकाळी उठून तेलाची बाटली कोमट करायला ठेवली. मी कपाळावर हात मारून घेतला, साडी बदलली आणि त्यांच्यासोबत गेले. बाई बरोबर असली की सेक्रेटरीचं तोंड बंद.

अशी माझी नेमणूक झाली. रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्या घरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाबा एकेक जिना चढून कठडा धरून थांबायचे, मी घड्याळ बघायची. आत गेलं की दुधाचा आंबूस वास, वाळत घातलेली दुपटी, पंख्याचा कटकट आवाज. बाथरूममधून बाळाचं केकाटणं. त्या दिवसांत मी बसमध्ये बसल्याबसल्या झोपून जायची आणि दोनदा माझा स्टॉप चुकला. ऑफिसात साहेब म्हणाले, काय मॅडम, तब्येत बरी नाही का? काय सांगणार होते मी त्यांना.

मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, मी तिच्याशी बोलत नव्हते. एका सकाळी आतून बाबा बाळाशी काहीतरी लाडेलाडे बोलत होते आणि मी इतकी वैतागलेली होते की तोंडातून निघून गेलं, मला नाही बाई आवडत बाळं. ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला तिचा चेहरा नीट दिसला. लहान होती हो, कॉलेजातली वाटावी अशी.

“खरंच?” तिने विचारलं.

खरंच, म्हटलं. कधीच आवडली नाहीत. मी बाबांसाठी येऊन बसते. ती हसली वगैरे नाही, पण तोंड परत भिंतीकडे वळवलं नाही. म्हणाली, “मला आवडतो तो. मला माझ्या हातांचं भ्या वाटतं, ताई. माझ्या हातनं कायतरी होईल त्याला.”

असल्या वेळी काय बोलतात ते मला येत नाही. मी एवढंच म्हटलं, हे डॉक्टरांना सांगितलंस का? तिने मान हलवली, नाही. मी म्हटलं, मग आज सांगायचं. ऑफिसला फोन करून रजा टाकली. बाबा बाळाला घेऊन घरी थांबले आणि मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांना ती स्वतः बोलली, मी बाहेर बाकावर बसले होते. नंतर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, तिने हे बोलून दाखवलं ते फार चांगलं झालं, ही भीती या आजारातलीच आहे, गोळी थोडी बदलतेय, आणि कुणी ना कुणी जवळ राहा.

संध्याकाळी मी मावशींना फोन करून सगळं सांगितलं. त्या फक्त हूं हूं करत होत्या. सकाळी आम्ही पोचलो तर त्या बिल्डिंगच्या गेटशी रिक्षातून उतरत होत्या, पिशवी काखेत. घरी काय झालं ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. मुलं आडवी आली, सुना रडल्या. मावशींनी एवढंच विचारलं की तुम्हाला ह्याच हातांनी न्हाणलं तेव्हा कुणाची लाज वाटली नव्हती, आता कुणाची वाटते? आणि चपला घालून निघाल्या. त्यानंतर घरात त्यांच्याशी धाकटा बोलत नव्हता. त्याचं त्यांना वाईट वाटायचं, जिना चढता चढता त्या त्याचंच बोलायच्या.

पुढे थोडं थोडं हलायला लागलं. ती उठून बसायला लागली. मग बाथरूमच्या दाराशी येऊन उंबऱ्यावर बसायला लागली, गुडघे पोटाशी घेऊन, बाबांच्या हातांकडे बघत. बाबा तिच्याकडे बघत नसत. मावशी तिच्या मागे बसून तिच्या केसांना तेल लावायच्या. एकदा बाबांनी न बघता हात मागे केला आणि तिने दुपटं त्यांच्या हातात दिलं. मी जागची हलले नाही. ऑफिसला जाताना मला उगाचच हलकं वाटत होतं. त्यानंतरचे दोन दिवस ती परत भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. नवऱ्याने रजा मंजूर झाल्याचं सांगितलं, आणि सोमवारच्या गाडीचं तिकीट काढल्याचंही. घरी आल्यावर बाबा जेवायला नको म्हणाले आणि लवकर झोपले. मी पण थकले होते. खरं सांगते, त्या रात्री मला वाटलं, जाऊ दे पोर गावी, सुटू दे सगळ्यांनाच.

शनिवारी आम्ही तिघं जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावरच बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं. रोजचं नव्हे, श्वास अडकून अडकून रडतात तसं. बाबांनी बेल दाबली. कुणी आलं नाही. परत दाबली. वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकली. म्हणाली, नवरा पहाटेच ड्युटीवर गेला, मी जाऊन बसले होते, तिनेच मला सांगितलं वर जा म्हणून, आत्ताच आले मी. आणि खालून कडी लावल्याचा आवाज आला, म्हणाली.

आत पाण्याचा नळ चालू होता. बादली भरून वाहत असल्यासारखा.

मी नवऱ्याला फोन लावला. यार्डात फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मावशी दारावर थापा मारायला लागल्या, पोरी, ए पोरी, आमी हाव गं, दार उघर. मी बाबांकडे बघितलं. ते बंद दाराला कपाळ टेकून उभे होते. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी म्हटलं, खाली जाते, वॉचमनला आणते, दार तोडू. आणि मी दोन पायऱ्या उतरलेही.

नळ बंद झाला.

“थांबा,” आतून आवाज आला. धापा टाकल्यासारखा. “थांबा बाबा. मला उठता येत नाही. पायावर आहे तो.”

मावशींचा हात दारावर तसाच राहिला. बाळ रडतच होतं, पण मध्येच तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज आला, थोडा थांबून परत एकदा. मी त्या दोन पायऱ्या परत चढले. मावशी हळूहळू खाली बसल्या, पायरीवर, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, आवाज न करता.

बाबांनी तोंड दाराच्या फटीजवळ नेलं.

“मानेखाली हात आहे ना गं? कानात पाणी जाऊ देऊ नकोस.”

“माहितीय,” ती आतून म्हणाली. वैतागून म्हणाली. मी बाबांना दिवसातून दहा वेळा म्हणते, अगदी तस्सं.

बाबा दारापासून मागे सरकले आणि मावशींच्या शेजारी बसले, खालच्या पायरीवर मी. आम्ही वाट बघत राहिलो. रडणं कमी झालं, मग नुसता कुरकुर आवाज, मग तोही नाही. वरची बाई कठड्यावरून हळू आवाजात काय झालं, काय झालं विचारत होती, मी तिला हातानेच थांब म्हटलं. मला ऑफिसला उशीर होत होता आणि मला उठवत नव्हतं. दाराच्या पलीकडे पावलं वाजली. जवळ आली. कडी काढेल म्हणून आम्ही तिघं उभे राहिलो, मावशींनी डोळे पुसले, बाबांनी सदरा सारखा केला.

“झोपलाय तो,” ती दाराच्या आतूनच म्हणाली, अगदी हळू. “बेल वाजवू नका.”

वरच्या बाईला खुणेनेच लक्ष ठेवायला सांगून आम्ही जिना उतरायला लागलो. बाबांनी आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या होत्या.